परमिट रूममधलं परमिट

दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरहून मावसबहीण आली होती, सोबत तिचा बारावीतला मुलगा. मुंबई नाक्याला सिग्नलवर गाडी थांबली. पोराने समोरची पाटी मोठ्याने वाचली, ‘परमिट रूम अँड बिअर बार’, आणि विचारलं, "मामा, परमिट कसलं?"

जन्म नाशिकमध्ये गेला, अशा शेकडो पाट्या पाहिल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सिग्नल सुटला, मी "नंतर सांगतो" म्हटलं. घरी जाऊन थोडं वाचलं, दोघा-चौघांना विचारलं, आणि रात्री जेवताना सांगायला बसलो. ते सांगणं पोराच्या पुढच्या प्रश्नांमुळे लांबतच गेलं. तेच इथे लिहितोय.

परमिट कसलं, तर दारू पिण्याचं. कारण कागदोपत्री महाराष्ट्रात आजही दारूबंदी आहे. इथला मूळ कायदा १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. पुढे कायद्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं, ‘दारूबंदी’ मात्र तशीच राहिली. या कायद्याची रचना मोठी मजेशीर आहे. आधी तो सगळ्यालाच मनाई करतो: दारू बनवणं, विकणं, नेणं, जवळ बाळगणं, पिणं. मग पुढच्या कलमांत लायसन्स आणि परमिटच्या खिडक्या उघडतो. म्हणजे बाटलीबंद बिअर घेऊन घरी निघालेला माणूस कायद्याच्या नजरेत मूळचा गुन्हेगारच, परवान्यामुळे सुटलेला. हा परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. विदेशी दारूसाठी, म्हणजे देशी सोडून बाकीच्या दारूसाठी, दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १००, तहहयात १०००. वयाची अट बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. नियमाने बारमध्ये बसलेल्या प्रत्येकाकडे ती चिठ्ठी हवी. मी ओळखीच्या सहा पिणाऱ्यांना विचारलं. दोघांनी ती पाहिलेली होती.

या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून वगळली, बाकी बहुतेक कायदा कायम ठेवला. कायद्यामागे राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेदही उभा आहे. आरोग्याला घातक अशा मादक पेयांवर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असं तो सांगतो. तो मार्गदर्शक तत्त्वांत येतो, त्यामुळे सरकारला त्यासाठी कोर्टात खेचता येत नाही. साठच्या दशकात मुंबई-महाराष्ट्रात बंदी ढिली होऊ लागली, कारण गल्लोगल्ली हातभट्ट्या पेटल्या होत्या आणि पोलिसांना त्या आवरत नव्हत्या. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशीची दुकानं रुळली.

"म्हणजे आधी बंद केली, जमलं नाही म्हणून चालू केली," भाचा म्हणाला. ढोबळमानाने बरोबर आहे. "पण मग ती एवढी वाईट असेल तर जमवायलाच पाहिजे ना?"

इथे एवढी म्हणजे किती वाईट, ते आधी बघावं लागतं.

दारूत नशा आणणारा पदार्थ एकच, इथेनॉल. संत्रा छाप देशी असो की गंगापूर धरणाच्या काठावर सूर्यास्त बघत घेतलेली शिराझ, रेणू तोच. यकृत आधी इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं ॲसिटेट, आणि ते पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतं. घोळ मधल्या पायरीवर आहे. ॲसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला इजा करतं आणि ती इजा दुरुस्त होण्यातही आडवं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूला १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलं. माणसात कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींचा हा गट, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्यातच आहेत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध सिद्ध आहे. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने सांगून टाकलं, की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले असा त्यांचा अंदाज आहे, त्यातले जवळपास २० लाख पुरुष.

नाशिककर इथे हमखास म्हणतात, "अहो पण रेड वाइन हृदयाला चांगली असते." मीही म्हणायचो. हा समज निव्वळ जाहिरातबाजीतून आलेला नाही. कितीतरी जुन्या अभ्यासांत थोडी पिणाऱ्यांची तब्येत न पिणाऱ्यांपेक्षा बरी दिसायची. पण ‘न पिणारे’ म्हणून जे मोजले, त्यांत आजारपणामुळे डॉक्टरांनी सोडायला लावलेले लोकही होते. आधीच आजारी असलेले असे लोक त्या पारड्यात टाकल्यावर दुसरं पारडं आपोआप निरोगी दिसणारच. शिवाय रोज मोजून एक ग्लास वाइन घेणारा माणूस बहुतेक वेळा चांगलं खाणारा, फिरायला जाणारा, विमा असलेला असतो. हे सगळं वजा केलं की वाइनच्या वाट्याला फारसं पुण्य उरत नाही.

आता प्रमाणाचं बोलू, कारण ग्लास बघून प्रमाण कळत नाही. शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मोजलं की कळतं. वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १५ ग्रॅम. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग २० ग्रॅम. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन पेग, आणि तरी "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य आपण ऐकून घेतो. १८० मिलीची क्वार्टर जवळपास ६० ग्रॅम. मध्यम बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला ढोबळमानाने सात-आठ ग्रॅम निस्तरतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा माणूस सकाळी सहाला मोटारसायकलला किक मारतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून दारू असते. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

भाजीबाजाराजवळच्या एका देशीच्या दुकानात मी सकाळी सव्वाआठला लोकांना पिताना पाहिलंय. काउंटरला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. हमाल नोट आत सरकवतो, ९० मिलीची बाटली बाहेर येते. बाटली प्लास्टिकच्या ग्लासात उलटी, वर थोडं पाणी, एका दमात आत, चिमूटभर मीठ जिभेवर. एक मिनिटही लागलं नसेल. कुणी कुणाशी बोललं नाही. टेबल-खुर्ची, चकणा, गप्पा यांतलं काहीच नाही, औषध घ्यावं तसं घेतलं आणि पोतं उचलायला गेला.

औषध हा शब्द मी मुद्दाम वापरला. दिंडोरी तालुक्यात माझ्या काकांची द्राक्षबाग आहे. तिथे ऑक्टोबर छाटणीला एक माणूस वर्षानुवर्षं यायचा. किती डोळे ठेवायचे, काडी कुठे कापायची, यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पण सकाळची नव्वद पोटात गेल्याशिवाय तो हात कात्रीवर स्थिर राहायचा नाही. लहानपणी मला वाटायचं दारूने हात थरथरतात. उलटं होतं. रोज दारूच्या गुंगीत राहिलेला मेंदू स्वतःला त्या गुंगीच्या विरुद्ध ताणून धरायला शिकतो. दारू काढून घेतली की ताण तसाच राहतो आणि माणूस थरथरतो, घामाघूम होतो. काहींना दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून पक्क्या दारुड्याला "उद्यापासून बंद" असं घरच्या घरी करू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये देशभर दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा अनेक घरांनी हे बघितलं. मे महिन्यात शटर उघडल्यावरच्या रांगांची आपण चेष्टा केली. त्या रांगांत काही माणसं खरोखरच आजारी होती.

छाटणीवाला पंचेचाळिशीत गेला. आधी डोळे पिवळे झाले, मग पोटात पाणी. काकांनी दोनदा दवाखान्यात नेलं.

त्याच्यासारखे किती? केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेला व्यसनांचा देशव्यापी अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या जवळपास पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे. दर तिघांतला एक तरी अडचणीत, हे प्रमाण ऐकून भाचा गप्प झाला. मग त्याने आईकडे बघत पुन्हा तेच विचारलं: बंद का नाही करत?

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे, ‘बंदी केली की विषारी दारू येते’. ते अर्धंच खरं आहे. विषारी म्हणजे बहुतेक वेळा मिथेनॉल मिसळलेली. मिथेनॉल हे इथेनॉलचं सख्खं भावंड, कारखान्यांत लागतं, स्वस्त असतं, चवीने ओळखू येत नाही. यकृत त्याच्यावरही तीच प्रक्रिया करतं, पण त्यातून फॉर्मिक ॲसिड तयार होतं, जे डोळ्यांच्या नसा आणि मग माणूस संपवतं. गंमत अशी, की यावर एक उतारा म्हणजे साधी दारू. यकृत इथेनॉलला आधी हात घालतं, तोवर मिथेनॉल बाजूला पडून राहतं आणि डॉक्टरांना वेळ मिळतो. हे दवाखान्यातच करायचं काम आहे, घरी प्रयोग नको. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून बंदी आहे आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात अशा दारूने ४०च्या वर माणसं गेली. इथवर ठरलेलं उत्तर बरोबर. पण जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त गेले, ते मुंबईत, जिथे देशीचं दुकान उघडं होतं. जून २०२४ मध्ये कल्लाकुरिचीत ६०च्या वर गेले, ते तमिळनाडूत, जिथे सरकार स्वतः दारू विकतं. या माणसांना दुकानातली दारू मिळत होती, परवडत नव्हती. दुकानाला कुलूप लागलं काय आणि भाव खिशाबाहेर गेला काय, हातभट्टीकडे जाणारी वाट तीच.

बंदीचा काहीच उपयोग होत नाही, असंही नाही. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. तिथली चोरटी विक्री, तुंबलेली कोर्टं, भरलेले तुरुंग यांवर भरपूर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे २४ लाख पुरुष कमी झाले आणि २१ लाख बायकांचा नवऱ्याच्या मारहाणीपासून बचाव झाला. "दारूबंदी फसते" असं चहा पिताना आपण सहज म्हणतो, तेव्हा या २१ लाख जणींना विचारलेलं नसतं. अमेरिकेतसुद्धा १९२० ते १९३३च्या बंदीत पिणं आणि यकृताचे मृत्यू सुरुवातीला घटले होते. फसली ती पुढे, टोळ्यांमुळे आणि पोलिसांच्या हप्त्यांमुळे.

आपल्याच राज्यात बंदीचे तीन प्रकार पाहायला मिळतात. वर्धा १९७५ पासून कोरडा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह लोकांनी चळवळ केली, १९९३ मध्ये बंदी आली, अजून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तिघांचा कायदा एकच. गडचिरोलीत बंदी गावातून वर आली आणि ती राखायला गावात माणसं आहेत, एवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नाशिकला हे सीमेवरून दिसतं. सुरगाणा, पेठ ओलांडलं की गुजरात. शनिवार-रविवारी वाइनरीच्या पार्किंगमध्ये जीजे पासिंगच्या गाड्या मोजा. दुसऱ्या बाजूने दमणची कमी करामुळे स्वस्त पडणारी दारू चोरून आपल्याकडे येते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं घाटांत ट्रक अडवतात. एका जिल्ह्याने, एका राज्याने दार लावून घेतलं तर शेजाऱ्याचा गल्ला भरतो.

तो गल्ला हाच खरा अडथळा आहे. दारू जीएसटीत नाही. घटनेनुसार तिच्यावरचा कर राज्याचा, त्यामुळे राज्यांच्या हाती स्वतःची अशी जी थोडी मोठी दुभती जनावरं उरलीत, त्यातली ही एक. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतात बनलेल्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं आणि त्यासह इतर बदलांतून १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असं सांगितलं. कर वाढवल्याने पिणं कमी होतं, हे जगभर दिसलंय. स्कॉटलंडने २०१८ मध्ये अल्कोहोलच्या प्रमाणानुसार किमान किंमत ठरवून दिली आणि निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरले. रशियाने कर, विक्रीच्या वेळा, जाहिराती असं सगळं आवळलं, तर २००३ ते २०१६ मध्ये दरडोई पिणं ४३ टक्क्यांनी उतरलं. कुठेही बंदी नव्हती. पण आपली वाढ पिणं कमी व्हावं म्हणून आहे की तिजोरी भरावी म्हणून, हे घोषणेच्या भाषेवरून कळतं. १४ हजार कोटी जादा हवे असतील तर लोकांनी पीत राहायला हवं.

भाच्याला मी माझं मत सांगितलं, ते इथेही सांगतो. आज राज्यभर बंदी आणू नये, कारण ती राबवणारं खातं आणि पोलीस तेच असतील जे आत्ता हातभट्टी चालू देतात. पण ‘कायदेशीर’ म्हणजे ‘कोपऱ्याकोपऱ्यावर’ नव्हे. दुकानं कमी हवीत, उशिरा उघडायला हवीत. सकाळी सव्वाआठला देशी मिळण्याचं मला एकही कारण सापडत नाही. भाव अल्कोहोलच्या ग्रॅमवर ठरावा, आणि देशीचा भाव वाढवताना हातभट्टीवरची धाड आधी पडावी. कराच्या पैशातला ठरलेला हिस्सा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटांवर जावा. सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला होता, विरोधामुळे तो बारगळला, ते बरं झालं. तेव्हा शेतकऱ्याचं नाव पुढे केलं होतं. आमचे काका द्राक्षवालेच. त्यांची थॉमसन जातीची द्राक्षं खायची आणि निर्यातीची. नाशिकच्या द्राक्षांतला अगदी थोडा वाटा वाइनला जातो, त्याच्या जाती वेगळ्या, बागा वेगळ्या. अवकाळीने घड गेले तेव्हा काकांना कुठली वाइन वाचवायला आली नाही. (आणि जाता जाता: आपल्या ‘वाइन शॉप’मध्ये व्हिस्कीच्या मानाने वाइन किती ठेवलेली असते, तेही एकदा बघा.)

"मग लोकांनी काहीच करायचं नाही का?" हा पोराचा शेवटचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देण्याचा हक्क माझ्यापेक्षा काकूंना जास्त आहे.

महाराष्ट्रात एक नियम आहे, ‘उभी बाटली, आडवी बाटली’. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की प्रशासन सह्या तपासून महिलांचं गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. दुकान राहावं असं वाटणाऱ्याने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, जावं असं वाटणाऱ्याने आडव्या. आडवी जिंकली तर दुकान बंद. खोच अशी, की झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत द्यावं लागतं. जी बाई आलीच नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखीच.

काकूंच्या गावात सह्या गोळा झाल्या, छाटणीवाल्याच्या बायकोने त्यात पायाला भिंगरी लावली होती. मतदानाची तारीख आली ती नेमकी फेब्रुवारीची, द्राक्षांचा खुडा ऐन भरात असतानाची. शाळेत मतपेटी होती आणि शाळेपासून चार किलोमीटरवर बागेत गाडी भरायची होती. मजुरीचा दिवस सोडून ज्या आल्या, त्यांच्यातल्या बहुतेक सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला. काकू म्हणतात, उभीला मिळालेली मतं हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

दुकान अजून तिथेच आहे. यादीत मेलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या पोरींचीही नावं होती, ती कुणी काढली नव्हती. आता काकू आणि ती बाई मिळून आधी ती यादी दुरुस्त करून घेतायत. पुढची तारीख पावसाळ्यात मागायची, असं त्यांचं ठरलंय.